परवाना, कथन आणि परतीची तारीख : फाळणीविषयक कथात्म साहित्याचे एक वाचन

१

भारत-पाकिस्तान फाळणीविषयीच्या साहित्याची समीक्षा दीर्घकाळ हिंसा, स्मृती आणि विस्थापन या तीन आशयसूत्रांभोवती फिरत राहिली. १९९८ साली उर्वशी बुटालिया यांचे ‘दि अदर साइड ऑफ सायलेन्स’ आणि रितू मेनन व कमला भसीन यांचे ‘बॉर्डर्स अँड बाउंडरीज’ ही पुस्तके प्रसिद्ध झाली. राजकीय इतिहासाने दुर्लक्षिलेला स्त्रियांचा अनुभव त्यामुळे या चर्चेच्या केंद्रस्थानी आला. तरीही साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने एक प्रश्न बाजूलाच राहिला. फाळणी ही १९४७ च्या ऑगस्टमध्ये घडून संपलेली घटना मानली, तर तिच्याविषयीचे सारे साहित्य स्मृतीचे साहित्य ठरते. परंतु ती पुढे चालू राहिलेली प्रक्रिया मानली, तर ती कशाच्या आधारे चालू राहिली, हे विचारावे लागते. इतिहासकार वजीरा जमीनदार यांनी ‘दि लाँग पार्टिशन’ (२००७) या ग्रंथात या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे, त्याचा मथितार्थ असा : ती कागदाच्या आधारे चालू राहिली. परवाना, पारपत्र, व्हिसा, निर्वासितांच्या मालमत्तेची नोंद अशा कागदांनी फाळणीची रेषा जमिनीवरून उचलून घराघरांत आणि माणसामाणसांत नेली.

प्रस्तुत लेखाचा विषय हा कागद आहे. मात्र कायद्याचा दस्तऐवज म्हणून नव्हे, तर एक संहिता म्हणून. व्हिसाचा अर्ज माणसाला त्याची कथा सांगावयास लावतो. नाव, पित्याचे नाव, जन्मस्थान, जाण्याचे प्रयोजन, ज्यांना भेटावयाचे त्यांचे नाव व नाते, मुक्कामाची गावे आणि परतीची तारीख हे त्या कथेचे घटक होत. त्यांचा क्रम आणि त्यांची लांबी आधीच ठरलेली असते. निवेदक स्वतःविषयी बोलतो, पण काय बोलावयाचे हे तो ठरवीत नाही. कथात्म साहित्यही माणसाचे नाव, स्थान, काळ आणि प्रयोजन यांचीच मांडणी करीत असते. त्यामुळे एकाच सामग्रीवर हक्क सांगणाऱ्या या दोन कथनप्रकारांचा परस्परसंबंध तपासणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानता येणार नाही.

२

या संबंधाची ऐतिहासिक पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानी घेणे आवश्यक आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये दोन राष्ट्रे अस्तित्वात आली, तेव्हा त्यांच्यामधील प्रवासासाठी परवान्याची अट नव्हती. दंगलींच्या भयाने पश्चिम पाकिस्तानात गेलेली अनेक मुस्लिम कुटुंबे १९४८ च्या पूर्वार्धात दिल्ली व उत्तर प्रदेशातील आपल्या घरी परतू लागली. त्यांच्या घरांत तोवर पंजाबातून आलेल्या हिंदू व शीख निर्वासितांना जागा मिळालेली होती. या पेचातून भारत सरकारने जुलै १९४८ मध्ये एक वटहुकूम काढून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर परवान्याचे बंधन घातले. पाकिस्ताननेही त्याच वर्षी तशीच व्यवस्था स्वीकारली. तात्पुरती भेट, वारंवार प्रवास, पुनर्वसन, कायमचे परतणे अशा हेतूंप्रमाणे परवाने वेगवेगळे होते. पूर्व बंगालच्या सीमेवर मात्र अशी अट नव्हती. ऑक्टोबर १९५२ मध्ये पारपत्र आणि व्हिसा यांची पद्धत आली, तेव्हा दोन्ही सीमा एका नियमाखाली आल्या.

या तपशिलाचा ठसा भारतीय राज्यघटनेवरही उमटलेला आहे. पाकिस्तानच्या प्रदेशातून भारतात आलेल्यांच्या नागरिकत्वाविषयीचा सहावा अनुच्छेद १९ जुलै १९४८ ही तारीख सीमारेषेसारखी वापरतो. त्या तारखेपूर्वी आलेले एका प्रकारचे आणि नंतर आलेले दुसऱ्या प्रकारचे. सातवा अनुच्छेद १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेल्यांना नागरिकत्वातून वगळतो आणि पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परवान्यावर आलेल्यांना त्यातून सूट देतो. म्हणजे एखाद्या व्यक्तीचे नागरिकत्व तिच्या जन्मावर किंवा इच्छेवर जितके अवलंबून होते, तितकेच ती कोणत्या तारखेला कोणता कागद घेऊन आली, यावरही अवलंबून होते. ‘गेला’ आणि ‘परत आला’ ही दोन क्रियापदे येथे कायद्याच्या कोटीत जाऊन बसली. त्यापूर्वी ती नित्याच्या भाषेची मालमत्ता होती.

ही व्यवस्था भूगोलाने अपरिहार्य केलेली नव्हती. भारत आणि नेपाळ यांच्यातील सीमा १९५० च्या करारानंतर दोन्ही देशांच्या नागरिकांसाठी व्हिसाविना खुली राहिली. शेजारपणाचे दोन वेगळे व्याकरण एकाच कालखंडात तयार होत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे भारत-पाकिस्तान व्हिसा हा नैसर्गिक नसून घडविलेला संकेत आहे, हे स्पष्ट होते. १९७४ च्या करारानंतरही या व्हिसाचे वैशिष्ट्य असे राहिले, की तो देशाचा व्हिसा नव्हता, गावांचा होता. अर्जात नोंदविलेल्या ठराविक शहरांपलीकडे जाण्यास मनाई असे आणि बहुसंख्य प्रवाशांना पोहोचल्यावर व निघताना पोलिसांकडे नोंद करावी लागे. सप्टेंबर २०१२ च्या करारात गावांची संख्या तीनवरून पाच झाली आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना अटारी-वाघा येथे पोहोचल्यावर ४५ दिवसांचा व्हिसा देण्याची तरतूद झाली.

मिखाईल बाख्तिन यांनी कादंबरीतील काळ आणि अवकाश यांच्या गुंफणीला दिलेली संज्ञा येथे उपयोगी पडते. प्रत्येक कथनप्रकाराचा आपला एक कालावकाश असतो. रस्त्याचा, उंबरठ्याचा, दिवाणखान्याचा असे काही कालावकाश बाख्तिन नोंदवितात. व्हिसाचाही स्वतःचा कालावकाश आहे : तीन गावे आणि तीस दिवस. त्यात भूतकाळाला ‘जन्मस्थान’ या एका रकान्याची जागा आहे आणि भविष्यकाळाला ‘परतीची तारीख’ या एका रकान्याची. उरलेले सारे आयुष्य या संहितेच्या बाहेर राहते. फाळणीविषयक श्रेष्ठ कथात्म साहित्य बव्हंशी या बाहेर राहिलेल्या भागाचे कथन आहे. मात्र त्यातील निवडक कृती रकान्यांनाच सामोऱ्या जातात, आणि म्हणून त्या येथे विशेष विचारार्थ घेतल्या आहेत.

३

सआदत हसन मंटो १९४८ च्या आरंभी मुंबई सोडून लाहोरला गेले. ‘टोबा टेक सिंग’ ही त्यांची कथा १९५५ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाली. वेड्यांच्या इस्पितळांतील हिंदू-शीख आणि मुस्लिम रुग्णांची दोन सरकारांनी केलेली अदलाबदल हा तिचा विषय. ही कथा सामान्यतः फाळणीच्या वेडेपणावरील उपहास म्हणून वाचली जाते. हे वाचन चूक नव्हे, पण ते कथेच्या रचनेकडे पुरेसे लक्ष देत नाही.

कथेचा सारा व्यूह एका प्रश्नाभोवती रचलेला आहे. टोबा टेक सिंग कोठे आहे, हा बिशनसिंगाचा प्रश्न आहे. तो प्रश्न आधी सोबतच्या वेड्यांना, मग भेटीला आलेल्या फजलदीनला आणि शेवटी वाघा येथे नोंदवहीत नावे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला विचारला जातो. शेवटच्या प्रसंगी प्रश्न आणि रकाना समोरासमोर येतात. अधिकारी नाव लिहून घेणार, तेवढ्यात ज्याचे नाव लिहावयाचे तोच प्रश्नकर्ता होतो. नोंदवहीच्या संकेतानुसार प्रश्न विचारण्याचा अधिकार एका बाजूलाच असतो. जाक देरिदा यांनी आतिथ्याविषयीच्या आपल्या व्याख्यानांत म्हटले आहे, की परक्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न त्याच्या नावाचा असतो, आणि तो प्रश्न स्वागत आणि चौकशी या दोहोंच्या मधोमध उभा असतो. मंटोंच्या कथेत त्याची दिशाच उलटते. परका समजला गेलेला माणूस राज्यसंस्थेला तिचा पत्ता विचारतो.

अधिकाऱ्याचे उत्तर माहितीच्या पातळीवर अचूक आहे. गाव पाकिस्तानातच आहे. तरीही कथेत ते उत्तर ठरत नाही, कारण बिशनसिंगाचा प्रश्न नकाशाविषयीचा नव्हता. तो स्वतः कोठे असावयास हवा, याविषयीचा होता. कथेच्या अखेरीस दोन्ही बाजूंच्या तारांच्या मध्ये, नाव नसलेल्या जमिनीच्या तुकड्यावर जो पडलेला असतो, त्याला निवेदक बिशनसिंग म्हणत नाही. टोबा टेक सिंग म्हणतो. नाव आणि जन्मस्थान हे अर्जाचे दोन वेगळे रकाने आहेत. मंटोंनी शेवटच्या वाक्यात ते एक करून टाकले. या एका नामांतराने कथा नोंदवहीच्या तर्काबाहेर जाते. समीक्षेने निर्नाम जमिनीचे जेवढे कौतुक केले, तेवढे या नामांतराचे केले नाही.

राजिंदरसिंग बेदी यांच्या ‘लाजवंती’ या कथेतील अदलाबदलही वाघाच्याच सीमेवर होते. तेथे देवाणघेवाणीचा विषय अपहृत स्त्रिया आहेत आणि १९४९ च्या अपहृत व्यक्तींविषयीच्या कायद्याची छाया कथेवर आहे. त्या कायद्याने स्त्रीच्या इच्छेला निर्णायक स्थान दिले नाही. तिचा देश तिच्या धर्मावरून ठरला. बेदींची नायिका कागदोपत्री परत येते, घरीही येते, पण तिने काय भोगले हे ऐकून घेण्यास पती तयार होत नाही. तिला देवीपद देऊन तो तिचे कथन थांबवितो. राज्यसंस्थेच्या रकान्यानंतर हा कुटुंबाचा रकाना आहे, आणि तोही तितकाच घट्ट.

४

अमिताव घोष यांच्या ‘दि शॅडो लाइन्स’ (१९८८) या कादंबरीत प्रश्न वेगळ्या पातळीवर येतो. तेथील आजी ढाक्यात जन्मलेली, कलकत्त्यात मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, तरुणपणी क्रांतिकारकांविषयी आदर बाळगणारी अशी निष्ठावान राष्ट्रवादी स्त्री आहे. १९६४ साली बहिणीकडे ढाक्याला विमानाने जाण्यापूर्वी ती विचारते, की विमानातून सीमा दिसेल काय. खंदक नाहीत, तारा नाहीत, मध्ये काहीच नाही, तर मग फाळणी कशासाठी झाली, हा तिचा पुढचा प्रश्न. तिचा मुलगा तिला समजावतो, की आता सीमा सरहद्दीवर राहिलेली नाही. ती विमानतळाच्या आत आहे, आणि तेथील कागद भरताना ती ओलांडली जाते. कादंबरीच्या समीक्षेत आजीच्या प्रश्नाची चर्चा विपुल झाली. मुलाचे उत्तर मात्र विनोदात गणले गेले. वस्तुतः सीमेच्या आधुनिक स्वरूपाची अत्यंत नेमकी व्याख्या त्या उत्तरात आहे.

याच कादंबरीत आजीच्या ध्यानात येते, की अर्जात जन्मस्थान म्हणून आपल्याला ‘ढाका’ लिहावे लागणार. नीटनेटकेपणाची आवड असलेल्या या शिक्षिकेला जन्मस्थान आणि राष्ट्रीयत्व यांची ही विसंगती मळलेल्या वहीसारखी अस्वस्थ करते. आपला राष्ट्रवाद तिने आयुष्यभर स्वच्छ अक्षरात लिहिला होता. दोन रकाने शेजारी आले, तेव्हा तिला त्यावरचा डाग दिसला. येथे घोष यांनी साधलेले कार्य महत्त्वाचे आहे. विचारप्रणालीची चिकित्सा ते वादसंवादातून करीत नाहीत. अर्जाच्या रचनेतूनच ती चिकित्सा घडून येते.

त्याहून सूक्ष्म अशी गोष्ट क्रियापदाची आहे. बोलण्याच्या ओघात आजी ढाक्याला ‘जाणे’ म्हणण्याऐवजी घरी ‘येणे’ असे म्हणून जाते, आणि नातू तिला हसतो. येणे आणि जाणे यांतील भेद वक्ता कोठे उभा आहे, यावर ठरतो. आजी कलकत्त्यात उभी आहे, तिचे क्रियापद ढाक्यात. मराठी वाचकाला या जागेचे मर्म वेगळ्या वाटेनेही उमगू शकेल. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. बंगालीतही निरोपाचे क्रियापद येण्याचेच आहे. या संकेतात परतण्याचे आश्वासन आहे, पण त्याला मुदत नाही आणि जामीन नाही. व्हिसाचा अर्ज नेमके हेच आश्वासन मागतो, तारीख घालून. जे शब्द भाषेने शुभचिंतनासाठी राखले होते, ते हमीपत्रात रूपांतरित होतात. आणि ज्याच्यासाठी ‘परतणे’ हीच मूळची दिशा उलट आहे, म्हणजे जो जन्मगावी चालला आहे, त्याला परतीची तारीख लिहिताना आपण घरातून घरी जाण्याची नव्हे, तर घरातून निघून जाण्याची तारीख लिहीत आहोत, असे वाटणे स्वाभाविक आहे.

५

अर्ज भरलाच गेला नाही, तर काय होते? या प्रश्नाचे कथन इंतिजार हुसेन यांच्या ‘बस्ती’ (१९७९) या उर्दू कादंबरीत सापडते. हुसेन स्वतः उत्तर प्रदेशातील डिबाई येथून १९४७ साली लाहोरला गेले. कादंबरीचा नायक जाकिर हा लाहोरसदृश शहरात इतिहास शिकवितो. १९७१ चे युद्ध जवळ येत आहे, आणि त्याचे मन रूपनगर या बालपणीच्या वस्तीकडे वळत राहते. तिकडे राहिलेल्या साबिराची वार्ता भारतातील मित्राच्या पत्रांतून येते. प्रवास घडत नाही. कादंबरीभर जे वाहते, ते पत्र आणि स्मृती. माणूस जागचा हलत नाही.

या कादंबरीतील रूपनगरच्या घराच्या किल्ल्या हे एक साधे पण अर्थगर्भ चिन्ह आहे. घर दुसऱ्या देशात राहिले, त्यात दुसरे कोणी राहत असणार, तरी किल्ल्या जपून ठेवल्या आहेत आणि पिता त्या पुत्राच्या हाती सोपवितो. किल्ली हाही एक परवानाच असतो. घराच्या मालकाला आत जाण्यासाठी दुसरा कागद लागू नये, हे तिच्यात गृहीत असते. निर्वासितांच्या मालमत्तेविषयीचे कायदे दोन्ही देशांनी केले, तेव्हा किल्लीचा हा अधिकार संपला, पण वस्तू म्हणून किल्ली उरली. अधिकार गेल्यानंतर उरलेल्या चिन्हाचे काय करावयाचे, हा ‘बस्ती’चा खरा प्रश्न आहे. तिला स्मरणरंजनाची कादंबरी म्हणणाऱ्या टीकाकारांनी हा भाग पुरेसा ध्यानात घेतलेला नाही. स्मरणरंजनात वस्तू भूतकाळाकडे नेते. येथे वस्तू आपली निरुपयोगिता दाखवून वर्तमानाचे कुलूप उघडे करते.

एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’ (१९७३) या इस्मत चुगताई यांच्या अप्रकाशित कथेवर आधारलेल्या चित्रपटात हाच विषय प्रसंगरूपाने येतो. पाकिस्तानात गेलेला काझिम वाग्दत्त वधूसाठी आग्र्याला परततो आणि कागदपत्रे नसल्यामुळे पोलीस त्याला लग्नघरातून घेऊन जातात. प्रेमकथेतील अडथळा म्हणजे विरोधी पिता किंवा प्रतिस्पर्धी, हा रूढ संकेत येथे मोडतो. अडथळ्याच्या जागी एक नसलेला कागद उभा राहतो. त्याच्याशी भांडण करता येत नाही आणि त्याचे मनही वळविता येत नाही.

६

गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ ही हिंदी कादंबरी २०१८ साली प्रसिद्ध झाली आणि डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. ऐंशी वर्षांची माँ मुलीसह पाकिस्तानात जाते आणि ज्या प्रदेशाचा परवाना तिच्यापाशी नाही, त्या खैबरच्या भागात पोहोचते. तिथे ती पकडली जाते. चौकशीच्या प्रसंगी तिची भूमिका अशी, की ती येथून निघाली तेव्हा ही सरहद्द नव्हती. मग परत येण्यासाठी परवाना कसला? सरहद्दीविषयीचे तिचे दीर्घ भाषण हा कादंबरीतील सर्वाधिक उल्लेखिला गेलेला भाग आहे. सरहद्द म्हणजे तोडणारी रेघ नव्हे, तर वस्त्राच्या काठासारखी शोभा आणणारी आणि दोन बाजूंना भेटविणारी जागा, असा तिचा सूर आहे.

या भाषणाचे दोन गुण मान्य करावे लागतात. चौकशीच्या संकेतात आरोपीने मोजके, रकान्यात मावेल असे बोलावयाचे असते. माँ अमाप बोलते. अपेक्षित उत्तराच्या जागी आलेला हा भाषेचा पूर हीच तिची अवज्ञा आहे. दुसरे असे, की कादंबरी वाघाच्या सीमेवर फाळणीविषयक लेखकांचा मेळा भरविते आणि मंटोंचा बिशनसिंगही तेथे येतो. व्हिसाविना सीमा ओलांडणारी एकच गोष्ट म्हणजे साहित्याची परंपरा, असे लेखिका सुचविते.

तथापि येथेच एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. सीमेला काठाची उपमा दिली, की सीमा सुंदर होते. मराठीत तर ‘काठ’ हा शब्द नदीचाही आहे आणि लुगड्याचाही, त्यामुळे ही उपमा आपल्याला सहज पटते. आपल्या परंपरेत शिवेची पूजा आहे, दसऱ्याचे सीमोल्लंघन आहे. मुंबईतील शीव या स्थानाच्या नावात जुनी हद्द आजही टिकून आहे. परंतु गावाची शीव आणि राष्ट्राची सरहद्द या एका जातीच्या वस्तू नव्हेत. शीव ओलांडून जाणाऱ्याला परत येण्याची मुभा विचारावी लागत नाही. सीमोल्लंघनाचा विधी तर ओलांडण्याच्या मुभेवरच उभा आहे. व्हिसाच्या सरहद्दीवर ओलांडणे हाच अपराध असतो. सांस्कृतिक सीमेच्या प्रतिमा राजकीय सीमेवर चढविल्याने दुसरीचे स्वरूप झाकले जाण्याचा धोका संभवतो. लेखिकेला हा धोका ठाऊक असावा. कारण माँच्या वक्तृत्वाने सारे भारावले तरी नियम बदलत नाही, आणि तिचा शेवट बंदुकीच्या गोळीने होतो. कादंबरीचा कथाव्यूह भाषणाला दुरुस्त करतो. मात्र कादंबरीचे अनेक प्रशंसक भाषण उचलतात आणि गोळी विसरतात.

७

वसाहतोत्तर समीक्षेच्या एका शाखेत १९९० नंतर ‘सीमावर्ती’, ‘मधली जागा’, ‘संकरित अस्मिता’ या कल्पनांना मोठी प्रतिष्ठा लाभली. निर्णायक अस्मितांच्या जाचातून सुटण्याची जागा म्हणून सीमेकडे पाहिले गेले. या कल्पनांनी अनेक संहितांचे वाचन समृद्ध केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बिशनसिंगाची मधली जागा ही मुक्तीची जागा नाही. तो तेथे उभा राहतो आणि तेथेच कोसळतो. सीमेचा गौरव करणारा सिद्धान्त बहुधा अशा विद्वानांनी घडविला, ज्यांच्या पारपत्रावर व्हिसा सहज मिळतो. ज्याच्या अर्जावर निर्णय येत नाही, त्याच्या दृष्टीने मधली जागा म्हणजे प्रतीक्षा. प्रतीक्षेची सौंदर्यमीमांसा करताना ती कोणाची आहे, हे विचारणे हा समीक्षेच्या नीतीचा भाग आहे.

हा प्रश्न मराठी समीक्षेला दूरचा वाटण्याचे कारण नाही. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतील एक जुनी शाळा अद्याप नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव धारण करते. मुंबई आणि कराची ही एका समुद्रावरील जोडशहरे. कराचीतील भारतीय वाणिज्य दूतावास १९९४ मध्ये बंद झाला, आणि त्या शहरातून भारताच्या व्हिसासाठी इस्लामाबादचा मार्ग उरला. त्याच समुद्रात, कच्छच्या पुढे, जेथे सीमा कोणाला दिसत नाही आणि सर क्रीकच्या परिसरात ती निश्चितही झालेली नाही, तेथे गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून गेलेले पालघर जिल्ह्यातील मच्छीमार पाकिस्तानकडून पकडले गेल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. भारताकडूनही पाकिस्तानी मच्छीमार पकडले जातात. मे २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी आपल्या ताब्यातील परकीय कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. शिक्षेची मुदत संपली तरी राष्ट्रीयत्वाची खात्री पटल्याविना सुटका होत नाही. सुटलेला कोळी अरबी समुद्रातून परत येत नाही. तो वाघा येथे जमिनीवरून येतो, म्हणजे बिशनसिंगाच्या वाटेने.

ही यादी वाङ्मयीन संहिता नव्हे. तरी तिचे वाचन करण्याची साधने साहित्यानेच दिलेली आहेत. नाव, पित्याचे नाव, गाव, अटकेची तारीख अशा नोंदींत एका माणसाचे किती आयुष्य मावते आणि किती बाहेर राहते, हे मंटो आणि घोष वाचलेल्या वाचकाला उमजू शकते. माँप्रमाणे दीर्घ भाषण करण्याची संधी आणि भाषा या माणसाला मिळालेली नसते. त्याच्या वतीने काठाची उपमा देणे सोपे आहे. त्याच्या रकान्यात काय लिहिले गेले आणि काय गाळले गेले, हे वाचणे अवघड आहे. समीक्षेने दुसरे काम पत्करावयास हवे.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले आणि अटारीची तपासणी चौकी बंद करण्याची घोषणा केली. पाकिस्ताननेही तशीच पावले उचलली. निरपराध पर्यटकांच्या हत्येने उसळलेला संताप आणि राज्यसंस्थेची सुरक्षेची जबाबदारी यांविषयी येथे वाद नाही. त्या दिवसांत अटारीवर जी दृश्ये दिसली, त्यांत मात्र एक गोष्ट ठळक होती. एकाच कुटुंबातील आईचे पारपत्र एका देशाचे आणि मुलांचे दुसऱ्या देशाचे असल्याने ती दोन रांगांत विभागली गेली. घोष यांच्या कादंबरीतील जन्मस्थान आणि राष्ट्रीयत्व हे दोन रकाने येथे एका आईच्या दोन हातांत आले होते.

या साऱ्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. साहित्य व्हिसाचे नियम बदलीत नाही, आणि बदलावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या स्वरूपाविषयी गैरसमज करून घेणे होय. परंतु अर्ज जी कथा सांगावयास लावतो, ती माणसाची एकमेव कथा नव्हे, हे साहित्य दाखवून देऊ शकते. मंटोंनी दोन रकाने एक केले, घोष यांनी दोन रकान्यांतील विसंगती उघड केली, हुसेन यांनी रकान्याबाहेर राहिलेली किल्ली जपली, गीतांजली श्री यांनी रकाना शब्दांनी बुडवून टाकला. या चार रीतींची तुलना करणारी समीक्षा फाळणीच्या साहित्याला स्मृतीच्या दालनातून बाहेर काढू शकेल. ज्या गोष्टीची प्रक्रिया संपलेली नाही, तिचे साहित्य स्मारक म्हणून वाचणे हे वाचनाचे अपुरेपण ठरते.